आरडीएचा आकडा कसा वाचायचा?

सदर : ताटातलं गणित



या सदराला हल्ली सर्वांत जास्त प्रश्न येतात ते जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबद्दल. त्यांतले तीन आज घेते, कारण तिन्हींचं मूळ एकच आहे.

पहिला प्रश्न एका मुलीचा. तिने आईच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो पाठवला आहे. पट्टीवर लिहिलंय, बी १२ – १५०० मायक्रोग्रॅम. ती विचारते, "ताई, इंटरनेटवर तर रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरे असं आहे. मग आईला एवढा डोस कशाला?" दुसरा प्रश्न एका मुलाचा. त्याच्या बहिणीने अमेरिकेतून मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणली आहे, पण तिच्यावरची टक्केवारी आपल्याकडच्या तक्त्याशी जुळत नाही. तिसरा प्रश्न जिमला जाणाऱ्या एका वाचकाचा आहे : "जीवनसत्त्वंच आहेत ना, थोडी जास्त गेली तर काय बिघडलं?"

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी आहे 'आरडीए', म्हणजे रोजच्या आहारातून मिळावं अशी शिफारस केलेलं प्रमाण. हा आकडा डब्यांवर, बाटल्यांवर, जाहिरातींत सगळीकडे दिसतो. पण तो नक्की कोणासाठी आहे आणि काय सांगतो, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

हा आकडा आपल्या गावातच ठरतो

हैदराबादकरांना एक गोष्ट अभिमानाने सांगायला हरकत नाही. भारतीयांनी रोज कोणतं जीवनसत्त्व किती घ्यावं याचे आकडे आपल्या तारनाक्याला ठरतात. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तीच ही संस्था. तिची सुरुवात १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला झाली. रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचे डॉक्टर तिथे बेरीबेरी या रोगावर संशोधन करत होते. पॉलिश केलेल्या तांदळावरच जगणाऱ्या लोकांना हा रोग व्हायचा, कारण तांदळाच्या कोंड्याबरोबर बी १ जीवनसत्त्व निघून जायचं. पुढे १९५८ साली संस्था हैदराबादला आली.

आपल्या भाकरीचा संबंधही या संस्थेशी आहे. तेलंगणात नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा रोग दिसायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब आणि पुढे भ्रम, अशी त्याची लक्षणं. तो बी ३ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे त्याचा अभ्यास केला. म्हणून ज्वारीची भाकरी वाईट ठरते का? मुळीच नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, दही असेल तर ती उत्तम. ताटात दुसरं काहीच नसणं हा खरा धोका होता. आरडीएचा विचार करताना हे लक्षात ठेवायचं : शरीराला सगळ्या ताटाचा हिशेब लागतो, एका पदार्थाचा नाही.

एक आकडा नाही, तीन आकडे

संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली जे तक्ते काढले, त्यांत प्रत्येक जीवनसत्त्वासाठी एकापेक्षा जास्त आकडे आहेत. ते कळले की निम्मा गोंधळ संपतो.

क जीवनसत्त्वाचं उदाहरण घेऊ. समजा शंभर निरोगी स्त्रिया आहेत. प्रत्येकीच्या शरीराची गरज थोडी वेगळी. कोणाला ४५ मिलिग्रॅम पुरेल, कोणाला ६० लागतील. यातली मधली गरज म्हणजे 'सरासरी गरज'. तेवढं घेतलं तर शंभरातल्या साधारण पन्नास जणींचं भागतं. प्रौढ स्त्रीसाठी हा आकडा ५५ मिलिग्रॅम आहे.

पण कोण कोणत्या पन्नासात आहे ते कोणाला ठाऊक? म्हणून या आकड्यावर थोडी जास्तीची भर घालून असा आकडा काढतात की शंभरातल्या ९७-९८ जणींची गरज भागावी. हा झाला आरडीए. स्त्रियांसाठी तो ६५ मिलिग्रॅम आहे, पुरुषांसाठी ८०.

याचा अर्थ असा, की बहुतेकांच्या खऱ्या गरजेपेक्षा आरडीए आधीच जास्त असतो. तुम्हाला ६५ ऐवजी ५८ मिळाले तर तुम्ही आजारी पडणार नाही. आणि तो निरोगी माणसासाठी आहे. ज्याच्या शरीरात कमतरता आधीच झाली आहे, त्याच्या उपचाराचा डोस आरडीएवरून ठरत नाही.

तिसरा आकडा 'वरची मर्यादा'. रोज, दीर्घकाळ घेतलं तरी निरोगी माणसाला अपाय होण्याची शक्यता नाही, असं सर्वांत जास्त प्रमाण. जाहिरातीत आरडीएचा आकडा ठळक असतो, या तिसऱ्या आकड्याचं नाव सहसा नसतं. आणि घरातल्या माणसाच्या जिवाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

आणखी एक. आरडीएला 'रोजचं प्रमाण' म्हणतात, पण तो हजेरीपट नाही. आज पेरू खाल्ला, उद्या फळ मिळालं नाही, तर काही बिघडत नाही. आठवडाभराची सरासरी बघायची. साधारण शंभर ग्रॅमच्या एका पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, म्हणजे एका पेरूत दोन-तीन दिवसांची बेगमी. दहा रुपयांच्या पेरूचं काम करायला शंभर रुपयांची चघळायची गोळी लागत नाही.

अमेरिकेची बाटली का जुळत नाही?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. क जीवनसत्त्वाचं प्रमाण ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी ४० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ७५. आपल्याकडे २०१० च्या तक्त्यात ४० होतं, २०२० मध्ये ८० आणि ६५ झालं. मग खरं कोणाचं?

सगळ्यांचंच, कारण प्रत्येकाने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. स्कर्व्ही हा हिरड्यांतून रक्त येण्याचा जुना रोग टाळायला रोज १० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. त्यावर सुरक्षित अंतर ठेवून ब्रिटनने ४० ठरवले. अमेरिकेने विचारलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ भरलेल्या राहतील आणि लघवीतून फार वायाही जाणार नाही, असं प्रमाण कोणतं? त्याचं उत्तर मोठं आलं.

बाटलीवरच्या टक्केवारीत आणखी एक गंमत आहे. अमेरिकेत लेबलसाठी सगळ्यांना मिळून एकच आकडा धरतात : क जीवनसत्त्व ९० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व ८०० आययू, बी १२ – २.४ मायक्रोग्रॅम. त्यामुळे तिथल्या बाटलीवर ड जीवनसत्त्व 'शंभर टक्के' असेल तर त्यात ८०० आययू आहेत. आपल्याकडे प्रौढांसाठी आरडीए ६०० आययू आहे. म्हणून टक्के वाचत बसू नका, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम वाचा. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. ड जीवनसत्त्वाचे ४० आययू म्हणजे एक मायक्रोग्रॅम. एवढं पाठ असलं की जगातली कोणतीही बाटली वाचता येते.

हाच हिशेब दुधाच्या पिशवीवर करून बघा. निळ्या रंगातलं 'प्लस एफ' चिन्ह असेल तर त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. नियमाप्रमाणे लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड. म्हणजे २०० मिलिलिटरच्या ग्लासात १ ते १.५ मायक्रोग्रॅम, आणि गरज १५ ची. दूध चांगलंच आहे, पण ग्लासभर दुधाने ड जीवनसत्त्वाचं काम झालं असं समजू नका. गच्चीबावलीच्या काचेच्या इमारतीत सकाळी शिरून रात्री बाहेर पडणाऱ्या मुलांनी तर नाहीच. काचेतून येणाऱ्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल अशा वेळी थोडं उघड्यावर फिरायला हवं. जेवणाच्या सुट्टीत इमारतीभोवती एक फेरी मारली तरी सुरुवात झाली.

१५०० मायक्रोग्रॅम का चालतात?

आता आईच्या गोळीकडे. बी १२ ची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि गोळीत १५०० मायक्रोग्रॅम. डॉक्टरांनी काही चुकीचं लिहिलेलं नाही.

बी १२ आतड्यात शोषून घ्यायला जठरात तयार होणारं एक खास प्रथिन लागतं. ते एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलू शकतं. बाकीच्यातलं साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणजे १५०० च्या गोळीतून शरीरात जातं पंधरा-सतरा मायक्रोग्रॅम. ज्याच्या शरीरातला साठा संपला आहे, त्याला भरून काढायला हे ठीक आहे. शिवाय बी १२ पाण्यात विरघळणारं आहे, जास्तीचं बरंचसं लघवीतून जातं, आणि त्याची वरची मर्यादा ठरवलेली नाही.

मग आईची कमतरता झाली कशी? आपल्यापैकी अनेक घरं शाकाहारी आहेत. बी १२ मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच. ग्लासभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. चहातलं दोन चमचे दूध हिशेबात धरू नका. इडली-डोसा आंबवलेला असतो म्हणून त्यात बी १२ मिळतं, स्पिरुलिनात मिळतं, असं सांगणारे खूप भेटतात. त्यावर विसंबू नका. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल, किंवा ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उठल्याबरोबर घ्यायची सवय असेल, तर खाल्लेलं बी १२ देखील नीट शोषलं जात नाही. वय वाढलं की शोषण आणखी कमी होतं. तुमच्या घरात शाकाहारी, साठीपुढची, मधुमेहाची गोळी घेणारी आजी किंवा काका असतील, आणि त्यांना पायात मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. बी १२ तपासायला सांगा. फार उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

इथे एक सावधगिरी. रक्त कमी आहे म्हणून कोणी स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिडचे मोठे डोस घेतं. त्याने रिपोर्टमधलं रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी १२ ची कमतरता तशीच राहते आणि आतल्या आत मज्जातंतू खराब होत राहतात. म्हणून दोन्ही तपासूनच औषध घ्यावं.

जास्त घेतलं तर काय बिघडतं?

आता जिमवाल्या मित्राचा प्रश्न. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते ना? ते जास्तीचं बी २ आहे. पैसे वाहून जातात, यापलीकडे नुकसान नाही. पण सगळी जीवनसत्त्वं अशी निघून जात नाहीत. अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळतात. त्यांतली अ आणि ड तर शरीरात भरपूर साठून राहतात, अ यकृतात आणि ड चरबीत. या साठण्याचा उपयोगही होतो. सरकारी कार्यक्रमात लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजतात, तो याच जोरावर. पण जे साठतं ते जास्तही होऊ शकतं.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार आययूची कॅप्सूल आता घरोघरी दिसते. कमतरता असेल तर ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. गणित करा : ६०,००० भागिले ६०० म्हणजे शंभर. एका कॅप्सूलमध्ये शंभर दिवसांचा आरडीए. आणि रोजची वरची मर्यादा आहे ४००० आययू.

माझ्या ओळखीच्या एका घरात हे प्रत्यक्ष घडलं. आजींना आठवड्यातून एकदा घ्यायला म्हणून ही कॅप्सूल दिली होती. घरात गोळ्या भरायचा सात खणांचा डबा होता. नातवाने मायेने सातही खणांत एकेक कॅप्सूल भरली. वर कॅल्शियमची गोळी चालूच होती. काही आठवड्यांनी आजींचं जेवण सुटलं, मळमळ सुरू झाली, पोट साफ होईना, सारखी तहान आणि सारखी लघवी. मग बोलण्यात असंबद्धपणा आला. घरच्यांना वाटलं, वय झालं, आता हे असंच. रक्त तपासलं तेव्हा कॅल्शियम खूप वाढलेलं निघालं. सलाइन लावलं, कॅप्सूल आणि कॅल्शियम दोन्ही बंद केलं. आजी सावरल्या, पण ड जीवनसत्त्व शरीरातून हळूहळूच उतरतं, त्यामुळे त्यांना कित्येक आठवडे लागले.

त्या घरात कोणीही निष्काळजी नव्हतं. काळजी होती म्हणूनच तो डबा होता. पट्टीवरच्या आकड्याचा अर्थ मात्र कोणी विचारला नव्हता. कोणी सांगितला असता, की ही एक कॅप्सूल शंभर दिवसांची आहे, तर ती सात खणांत गेली नसती.

अ जीवनसत्त्वाची वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम आहे. ती गोळीतल्या आणि कॉड लिव्हर ऑइलसारख्या पदार्थांतल्या रेटिनॉलसाठी. गाजर, शेवग्याची पानं, भोपळा यांतून मिळणारं अ जीवनसत्त्व शरीर गरजेपुरतं बनवून घेतं, त्याची भीती नाही. पण गरोदर असणाऱ्या किंवा मूल होऊ देण्याचा विचार असणाऱ्या मुलींनी नीट वाचावं : रेटिनॉल फार झालं तर गर्भाला व्यंग होऊ शकतं. मुरुमांसाठी डॉक्टर देतात ती आयसोट्रेटिनॉइनची गोळी याच कुटुंबातली आहे, म्हणून ती गरोदरपणात पूर्ण वर्ज्य असते. याउलट फॉलिक ॲसिड मात्र दिवस राहण्याच्या आधीपासूनच घ्यायला सांगतात, रोज ४०० मायक्रोग्रॅम, बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी.

आणि बी ६. पाण्यात विरघळणारं म्हणून ते निरुपद्रवी, असं पुष्कळांना वाटतं. पण महिनोन्‌महिने मोठे डोस घेतले तर हातापायांत मुंग्या आणि बधिरपणा येतो. म्हणजे ज्या तक्रारीसाठी 'नसांची गोळी' घेतली, तीच तक्रार गोळीमुळे सुरू व्हायची. अमेरिकेत त्याची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली ती फक्त १२ मिलिग्रॅमवर आणली. जिमची पावडर, मल्टिव्हिटॅमिन आणि नसांची गोळी, तिन्हींत बी ६ असू शकतं. बेरीज करा.

या रविवारी करायचं काम

तरुण वाचकांना एक काम सांगते. अर्धा तास लागेल.

घरातल्या सगळ्या जीवनसत्त्वांच्या पट्ट्या, बाटल्या, पावडरी एका टेबलावर आणा. फ्रिजच्या दारातल्या आणि आजोबांच्या उशाखालच्याही. कागदावर माणसागणिक एक रकाना करा. प्रत्येक जीवनसत्त्व कुठून किती येतंय ते लिहा आणि बेरीज करा. मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम आणि आययू सांभाळून.

मग प्रत्येक गोळीसमोर तीन गोष्टी लिहा : ही कोणी सांगितली, कशासाठी, आणि कधीपर्यंत. 'कधीपर्यंत' समोर रिकामी जागा राहिली तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतः काही बंद करू नका, स्वतः काही वाढवूही नका. आठवड्यातून एकदा घ्यायच्या कॅप्सूलच्या पट्टीवर जाड पेनने मराठीत लिहा : 'फक्त रविवारी'. आजी जी भाषा वाचतात त्या भाषेत लिहा.

आणि मग ताटाकडे बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यांत दोन हजार कॅलरीच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सांगितलं आहे. चारशे ग्रॅम भाज्या म्हणजे जेवणाच्या ताटात चमचाभर वाढलेली भाजी नाही. दोन्ही वेळेला मोठी वाटी भाजी, वर कोशिंबीर, डाळीत घातलेला गोंगुरा किंवा पालक, असं धरलं तर कुठे जमतं. हे जमलं की क, अ, फॉलेट यांच्यासाठी निरोगी माणसाला गोळीकडे बघावं लागत नाही. उरतात ती दोन : शाकाहारी घरात बी १२ आणि घरात बसणाऱ्यांचं ड. या दोघांसाठी तपासणी आणि डॉक्टर.

पुढच्या महिन्यात लोहाबद्दल लिहीन : जेवणावर लगेच चहा का नको, आणि लिंबू का हवं. तोपर्यंत तुमच्या घरातल्या बेरजा कशा आल्या ते जरूर कळवा.